शून्य परत करण्याआधी

कर्जत, जि. अहिल्यानगर

चि. ताईस,

तू पाठवलेला सॉकेट लायब्ररीचा कोड रात्री वाचला. हात स्वच्छ आहे तुझा. पण सॉकेटचे पर्याय लावणाऱ्या सेटसॉकऑप्टच्या शेवटी एक ओळ आहे: पर्याय ओळखीचा नसेल तर गुपचूप शून्य परत. ‘टेस्ट अडत नाहीत ना मामा,’ असं फोनवर म्हणालीस. टेस्ट नाही अडत, पुढचा माणूस अडतो.

नोकरीत असताना मी दूध संकलन केंद्रावरच्या मशीनचं काम केलं होतं. फॅट नि लिटरचे आकडे सर्व्हरला धाडायचे, पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुढे जायचं. त्यासाठी सॉकेटला रिसीव्ह टाइमआउट लावला. लायब्ररीने शून्य दिलं, म्हणजे लागला. प्रत्यक्षात तिच्यात ती सोयच नव्हती! एका पहाटे रेंज गेली आणि आमचा रिसीव्ह बसला तो बसलाच. बाहेर किटल्यांची रांग, स्क्रीनवर आदल्या शेतकऱ्याचाच आकडा. चूक सापडायला तीन दिवस लागले, कारण एरर कुठे नव्हताच.

सोय नसेल तर उणे एक दे आणि एर्नोमध्ये खरं कारण लिही. पर्यायच माहीत नसेल तर ईनोप्रोटोऑप्ट. आयपीव्ही ६ बांधलंच नसेल तर सॉकेट उघडतानाच ईएएफनोसपोर्ट. यूडीपी सॉकेटवर कुणी लिसन केलं तर ईऑपनॉटसप. पॉझिक्स मानकाने हे ठरवून ठेवलंय, आपण डोकं चालवायचं नाही. सरसकट ईइनव्हॅल, म्हणजे ‘तुझं आर्ग्युमेंट चुकीचं’, तर मुळीच नको. वापरणारा बिचारा स्वतःचीच चूक शोधत बसतो. (लिनक्सवर ईनॉटसप आणि ईऑपनॉटसप दोन्ही ९५च आहेत. एका स्विचमध्ये दोन्ही केस लिहिल्यास तर कंपायलर ओरडेल. मी लिहिल्या होत्या.)

एखादं फंक्शन नुसतं नावाला ठेवावं लागलं तर ग्लिबसी या सी लायब्ररीची रीत बघ. अशा स्टबला कुणी लिंक केलं की लिंकरच बजावतो: हे राबवलेलं नाही, कायम फसणार.

सांभाळून घेणं मात्र वेगळं. एक्झेक होताच सॉकेट बंद करणारा सॉक-क्लोएक्झेक हा फ्लॅग लिनक्समध्ये २००८ साली, २.६.२७ मध्ये आला. मसल लायब्ररी आधी तो लावून बघते. जुन्या कर्नलने नाकारला तर साधा सॉकेट उघडून एफसीएनटीएलने तीच खूण मागाहून करते. अर्थ जवळजवळ तोच राहतो. जवळजवळच, कारण दोन कॉलच्या मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडने फोर्क करून एक्झेक केलं तर सॉकेट नको त्या प्रोग्रामच्या हाती जातो. असं काही करशील तेव्हा ती फट कागदावर लिहून ठेव. टाइमआउटही आतून पोल वापरून खरोखर पाळता येत असेल तर पाळ, नाहीतर सरळ नकार दे.

शून्य परत करणारी ती ओळ बदललीस की टेस्ट फुटतील. फुटू देत. कुठल्या फुटल्या त्याची यादी पाठव, आणि गोदड महाराजांच्या यात्रेला येताना लॅपटॉप आण. मामीने हुरड्याच्या वेळी आली नाहीस म्हणून राग धरलाय, तेही बघ.

तुझा,
मामा