पात्याला पीळ कशासाठी?

वर्गातला छताचा पंखा बंद असेल तेव्हा त्याच्या पात्यांकडे एकदा नीट पाहा. पाती जमिनीला समांतर नसतात. ती थोडी तिरपी बसविलेली असतात. ती अगदी आडवी असती, तर पंखा कितीही जोरात फिरला असता तरी खाली बसणाऱ्याला वारा लागला नसता. तिरप्या पात्यामुळे हवा खाली ढकलली जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवाही पंख्याला तितक्याच जोराने वर ढकलते. पण पंखा जड असतो आणि दांड्याला पक्का टांगलेला असतो, म्हणून हे आपल्या ध्यानात येत नाही.

हाच पंखा आडवा करून विमानाच्या नाकावर बसविला की हवा मागे जाते आणि विमान पुढे. जहाजाच्या मागच्या बाजूस पाण्यात बसविला की पाणी मागे आणि जहाज पुढे. अशा पंख्याला प्रॉपेलर म्हणतात. तत्त्व इतके सोपे असूनही चांगला प्रॉपेलर बनविण्यास माणसाला फार वर्षे लागली. का लागली, ते आज पाहू.

मोडलेला स्क्रू

जहाजाचा प्रॉपेलर प्रथम सुचला तो मळसूत्रावरून. लाकडात स्क्रू फिरविला की तो आत शिरतो. त्याचप्रमाणे पाण्यात मोठा स्क्रू फिरविला तर तो पाणी कापीत पुढे जाईल, असा हा विचार होता. इंग्लंडमधील फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्याने १८३६ साली अशा स्क्रूचे पेटंट घेतले. त्याच्या लाकडी स्क्रूला दोन पूर्ण वेढे होते. लाकडात स्क्रूचे जितके जास्त वेढे बसतील तितकी पकड घट्ट, मग पाण्यातही तसेच असणार, हे त्यावेळी कोणालाही पटण्यासारखे होते.

१८३७ साली लंडनजवळच्या कालव्यात त्याची छोटी नाव चालविताना स्क्रू कशावर तरी आपटला आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. आता नाव मंदावणार, असे वाटले. पण झाले उलटेच. एकच वेढा उरलेल्या स्क्रूने नाव पूर्वीपेक्षा जोरात पळू लागली!

हे कसे झाले? लाकूड जागचे हलत नाही, पाणी मात्र हलते. स्क्रूच्या पहिल्या भागाने पाणी एकदा मागे ढकलले की ते आधीच वेगात असते. मागच्या वेढ्याला त्याला आणखी फारसा रेटा देता येत नाही. तो वेढा पाण्याशी नुसता घासत राहतो आणि यंत्राची शक्ती खातो. स्मिथने हा धडा घेतला व स्क्रू आखूड केला. पुढे 'आर्किमिडीज' या जहाजावर त्याने आपला स्क्रू बसविला. ते जहाज पाहून ब्रुनेल या प्रसिद्ध अभियंत्याने आपल्या 'ग्रेट ब्रिटन' या लोखंडी जहाजाची वल्ह्यांची चाके रद्द केली आणि त्याला सहा पात्यांचा पंखा दिला. हे जहाज १८४३ साली पाण्यात उतरले. लांब मळसूत्र गेले आणि त्याच्या जागी सुटी पाती आली.

तरीही पाते नेमके काय करते, याचा खुलासा झाला नव्हता. कारखानदार एक पंखा बनवीत, चालवून पाहत, आणि मग दुसरा बनवीत.

फिरणारा पंख

१९०२ साली अमेरिकेतील डेटन गावचे सायकलचे दुकानदार विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांच्यापुढे हाच प्रश्न आला. त्यांचे विनाइंजिनाचे ग्लायडर उत्तम तरंगत होते. आता त्याला इंजिन व प्रॉपेलर बसवायचा होता. जहाजाचे पंखे त्या काळी साठ वर्षांहून अधिक काळ चालत होते. तेव्हा त्यांचे सूत्र ग्रंथातून घ्यावे आणि पाण्याच्या जागी हवेचे आकडे घालावेत, असा दोघांचा बेत होता. पण असे सूत्र त्यांना कोठेच मिळाले नाही. जहाजाच्या अभियंत्यांकडे होता तो फक्त अनुभव.

करून पाहत बसणे राइट बंधूंना परवडणारे नव्हते. त्यांच्या घरगुती इंजिनाची शक्ती अवघी १२ अश्वशक्ती होती. समजा, पंख्याने निम्मी शक्ती वाया घालविली, तर उरणार ६ अश्वशक्ती. पाऊण भाग कामी लावला, तर मिळणार ९. विमान उडणार की वाळूवर नुसते घसरत राहणार, हे या फरकावर अवलंबून होते.

मग त्यांनी स्वतःच विचार सुरू केला. प्रॉपेलरचे पाते म्हणजे स्क्रू नव्हे, तो गोल फिरणारा विमानाचा पंख होय, ही कल्पना त्यांना सुचली. पंखांची माहिती त्यांच्याकडे होती. १९०१ साली त्यांनी घरी बनविलेल्या वातविवरात, म्हणजे वारा सोडण्याच्या पेटीत, सुमारे २०० लहान पंखांची परीक्षा केली होती. पण साधा पंख सरळ जातो. पाते फिरते आणि पुढेही जाते. पात्यामुळे हवा हलते, आणि हललेल्या हवेमुळे पात्यावरचे बल बदलते. सुरुवात कोठून करावी? या प्रश्नावर दोघे भाऊ महिनोन्महिने वाद घालीत. कधी कधी तर वादाच्या शेवटी प्रत्येकाला दुसऱ्याचे म्हणणे पटलेले असे, आणि मतभेद जिथल्या तिथेच!

आलेख कागदावर पाते

त्यांना सुटलेल्या कोड्याचा गाभा तुम्हाला आलेख कागदावर पाहता येईल. शिक्षकांना तो फळ्यावरही काढून दाखविता येईल.

राइट बंधूंच्या पंख्याचा व्यास ८.५ फूट, म्हणजे सुमारे २.६ मीटर होता. तो मिनिटाला सुमारे ३५० फेऱ्या करी. यावरून पात्याच्या टोकाचा वेग काढला तर तो सेकंदाला सुमारे ४८ मीटर येतो. केंद्रापासून निम्म्या अंतरावरचा भाग निम्म्या वेगाने, म्हणजे २४ मीटरने फिरतो आणि पाव अंतरावरचा १२ मीटरने. हवेतून पुढे जाण्याचा वेग मात्र साऱ्या पात्याचा एकच असतो. तो सेकंदाला १४ मीटर धरू.

आता १ सेंटिमीटर म्हणजे ४ मीटर असे प्रमाण घ्या. टोकासाठी १२ सेंटिमीटरची आडवी रेषा काढा. तिच्या शेवटी ३.५ सेंटिमीटरची उभी रेषा काढून त्रिकोण पुरा करा. तिरपी बाजू म्हणजे पात्याच्या टोकाची हवेतील वाट. कोनमापकाने मोजा, ती आडव्या रेषेशी सुमारे १६ अंशांचा कोन करते. आता आडवी रेषा ६ सेंटिमीटर घेतली तर कोन ३० अंश येईल. ३ सेंटिमीटर घेतली तर ४९ अंश.

म्हणजे एकाच पात्याच्या तीन भागांना हवा तीन वेगळ्या दिशांनी भेटते. पंख उत्तम काम करतो तो समोरून येणाऱ्या हवेशी थोडे अंश कलता असला तरच. समजा, सबंध पाते ३४ अंशांवर सरळ बसविले. मधला भाग ४ अंशांनी कललेला राहील आणि छान काम करील. टोकाला मात्र हवा १८ अंशांनी थडकेल. ती पात्याच्या पाठीवरून सुटून भोवरे करील आणि नुसता अडथळा होईल. केंद्राजवळ तर हवा पात्याच्या उलट बाजूवर आदळेल आणि तो भाग विमानाला मागे ओढू लागेल!

यावर उपाय एकच. पाते केंद्राजवळ अधिक उभे आणि टोकाकडे क्रमाक्रमाने आडवे करावयाचे. पात्याला पीळ असतो तो यासाठी.

राइट बंधूंनी स्प्रूस या हलक्या लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून, कुऱ्हाड आणि दोन्ही हातांनी ओढावयाचा चाकू वापरून असा पिळदार पंखा घडविला. त्याच्या नमुन्यावरून अलीकडे बनविलेल्या पंख्यांची परीक्षा झाली तेव्हा ते इंजिनाची सुमारे ७५ टक्के शक्ती कामी लावतात असे आढळले. आजचे चांगले पंखे ८५ टक्क्यांच्या आसपास पोचतात. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान प्रथम उडाले ते १२ सेकंद. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे झाले.

मोठा आणि सावकाश

पंखा लहान करून जोरात फिरवावा की मोठा करून सावकाश? गणित करू. सेकंदाला १०० किलोग्रॅम हवेचा वेग १ मीटरने वाढविला तर १०० न्यूटन रेटा मिळतो. १० किलोग्रॅम हवेचा वेग १० मीटरने वाढविला तरीही रेटा १०० न्यूटनच. पण हवेला दिलेली ऊर्जा ½mv² या सूत्राने काढा. पहिल्या वेळी सेकंदाला ५० जूल खर्च होतात, तर दुसऱ्या वेळी ५००! तेव्हा थोड्या हवेला जोरात ढकलण्यापेक्षा पुष्कळ हवेला हळू ढकलणे स्वस्त पडते.

म्हणून राइट बंधूंनी एकाऐवजी दोन मोठे पंखे घेतले. इंजिन मिनिटाला सुमारे १,००० फेऱ्या करीत असताना सायकलसारख्या साखळ्या व दातेरी चाके लावून पंखे सावकाश फिरविले. एक साखळी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी उलटी फिरवून घेतली, त्यामुळे दोन पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरले आणि विमान एका अंगाला कलले नाही. आजच्या मोठ्या मालवाहू जहाजांचे पंखे ९-१० मीटर व्यासाचे असतात आणि मिनिटाला १०० फेऱ्याही करीत नाहीत, त्याचे कारण हेच.

पाणी उकळते, हवा गरजते

मग वेगाने फिरविल्यास काय होते? इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्सने १८९४ साली 'टर्बिनिया' नावाची नौका बांधली. तिच्यात त्याने स्वतः शोधलेले, अतिशय वेगाने फिरणारे वाफेचे टर्बाइन होते. शक्ती भरपूर असूनही नौका २० नॉटच्या आतच अडली. दोष टर्बाइनचा नव्हता, पंख्याचा होता. पाते फार वेगाने फिरले की त्याच्या पाठीकडचा दाब खूप कमी होतो. दाब कमी झाला की पाणी थंड असतानाही उकळते, हे तुम्ही शिकला आहात. पात्यापाठी वाफेच्या बुडबुड्यांची पोकळी होते आणि पंखा पाण्याऐवजी वाफ कापीत बसतो. पुढे हे बुडबुडे फुटतात तेव्हा धातूवर असे घाव बसतात की कठीण पितळी पात्यालाही खड्डे पडतात.

पार्सन्सने पाण्याची बंद नळी तयार केली. पाणी जवळजवळ उकळीपर्यंत तापवून त्याने त्यात छोटा पंखा फिरविला आणि बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. नंतर त्याने नौकेला एकाऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसविले. काम वाटले गेले, प्रत्येक पात्यावरचा ताण उतरला. १८९७ साली हीच नौका ३४ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने धावली.

हवेत अशी वाफ होत नाही, पण तेथे दुसरी मर्यादा आहे. पात्याचे टोक ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरजवळ गेले की हवेत आघात तरंग उठतात. आवाज कानठळ्या बसवतो आणि रेटा घटतो.

आणखी एक अडचण तुमच्या त्रिकोणातूनच दिसेल. विमान धावपट्टीवर हळू असते तेव्हा उभी बाजू लहान असते. आकाशात वेग वाढला की ती मोठी होते. मग पात्याचा एकच कोन दोन्हीकडे कसा चालावा? म्हणून १९३० नंतरच्या दशकात उड्डाण चालू असतानाच पात्यांचा कोन बदलता येईल असे पंखे विमानांवर आले. सायकलस्वार चढावर गिअर बदलतो, तसेच हे.

मंगळावरचे पाते

१९ एप्रिल २०२१ रोजी 'इन्जेन्युइटी' हे १.८ किलोग्रॅमचे छोटे हेलिकॉप्टर मंगळावर उडाले. तेथील हवा पृथ्वीवरच्या हवेच्या सुमारे शंभराव्या भागाइतकीच दाट आहे. इतक्या विरळ हवेत उडायचे तर पाती मोठी हवीत आणि वेगही हवा. पण मंगळावर ध्वनीचा वेगच कमी, सेकंदाला सुमारे २४० मीटर. म्हणून १.२ मीटर व्यासाची दोन पंखांची जोडी मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर ठेवली, म्हणजे टोके त्या मर्यादेच्या बरीच आत राहिली. जानेवारी २०२४ मध्ये पाती मोडेपर्यंत या यंत्राने ७२ उड्डाणे केली. त्याच्या अंगावर १९०३ सालच्या राइट विमानाच्या पंखाच्या कापडाचा एक लहानसा तुकडा लावलेला आहे.

करून पाहा

१. टेबलावरचा पंखा बंद करा आणि त्याची वायर खटक्यातून काढून ठेवा. जाळी काढण्यास घरातील मोठ्या माणसाची मदत घ्या. पुठ्ठ्याचा कोनमापक करून पात्याचा कोन केंद्राजवळ, मध्यावर व टोकाला मोजा. तीन आकडे सारखे येतात का?

२. २ मीटर व्यासाच्या पंख्याची टोके मिनिटाला किती फेऱ्यांना ध्वनीचा वेग गाठतील? (विमान जागेवर उभे आहे असे धरा. उत्तर : सुमारे ३,२५०.)

३. वरच्या त्रिकोणात पुढे जाण्याचा वेग १४ ऐवजी ७ मीटर धरा. टोकाचा, मध्याचा व पाव अंतरावरचा कोन पुन्हा काढा. १४ मीटरसाठी घडविलेला पंखा या वेगाला कसा वागेल, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.