हृदयातील छिद्र आणि फसवी सुधारणा

गर्भावस्थेत हृदयाची घडण होताना तिच्यात राहून गेलेला दोष म्हणजे जन्मजात हृदयविकार, आणि दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बालकांत तो कमीअधिक तीव्रतेने आढळतो. बालरोगतज्ज्ञांपुढे त्यातला जो प्रकार सर्वाधिक येतो तो हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला असलेल्या छिद्राचा; वैद्यकात त्याला ‘व्हीएसडी’ म्हणतात आणि घरोघरी ‘हृदयाला भोक आहे’ एवढेच सांगितले जाते. या छिद्राविषयी दोन समजुती फार रुजलेल्या आहेत. दोष जन्मजात असेल तर तो जन्मतःच डॉक्टरांच्या लक्षात येईल ही पहिली, आणि मूल सुधारू लागले म्हणजे छिद्र आपोआप बुजले ही दुसरी. दोन्ही अपुऱ्या आहेत, परंतु दुसरीने केलेली हानी पुढे भरून काढता येत नाही, म्हणून तिच्याविषयी अधिक विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे.

पहिल्या समजुतीचे उत्तर नवजात बालकाच्या रक्ताभिसरणात आहे. गर्भात फुप्फुसे कामाला लागलेली नसतात, त्यांच्यातील रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि त्यांतून रक्त ढकलताना होणारा विरोध, म्हणजेच फुप्फुसीय रोध, फार मोठा असतो. पहिल्या श्वासानंतर तो उतरू लागतो खरा, पण पुरता उतरायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोपर्यंत डाव्या आणि उजव्या कप्प्यांतील दाबात फारसा फरक नसल्याने छिद्र मोठे असले तरी त्यातून रक्त जोराने वाहत नाही, आणि रक्ताच्या खळखळाटामुळे स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा जो जादा आवाज, ज्याला ‘मर्मर’ म्हणतात, तोही उमटत नाही. त्यामुळे प्रसूतिगृहातून घरी सोडताना झालेली तपासणी निर्दोष असली तरी ती त्या दिवसापुरतीच खरी असते. पुढे रोध उतरला की डाव्या कप्प्यातील शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे आणि तेथून पुन्हा फुप्फुसांत जाऊ लागते, फुप्फुसे रक्ताने भरून जड होतात, बाळाचा श्वास वाढतो, आणि दूध पिण्यासारख्या साध्या कामालाही त्याची ताकद पुरत नाही.

हे विवेचन ज्या अनुभवावर उभे आहे तो एकाच कुटुंबातील दोन पिढ्यांचा आहे. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तालुक्याच्या गावी जन्मलेली या घरातील मुलगी पहिल्या वर्षी सतत आजारी असे; दूध पिताना तिला धाप लागे, कपाळावर घाम येई, दर महिन्या-दोन महिन्यांनी छाती भरे, आणि ‘बाळ बाळसे धरत नाही’ ही घरातील कायमची चिंता होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी छिद्राचे निदान करून शस्त्रक्रियेसाठी मुंबईस नेण्यास सांगितले, परंतु पैसा, अंतर आणि एवढ्याशा जिवाची छाती उघडण्याची भीती यांमुळे ते लांबत गेले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुलीत आश्चर्यकारक फरक पडला. धाप कमी झाली, वजन वाढू लागले, सर्दी-खोकल्याचे फेरे थांबले आणि ती इतर मुलांबरोबर अंगणात खेळू लागली. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी छाती तपासली तेव्हा मर्मर जवळजवळ ऐकू आली नाही, त्यावरून छिद्र बुजल्याचा निष्कर्ष निघाला, घरच्यांनी बोललेला नवस फेडला आणि जुने केसपेपर ट्रंकेत गेले.

शाळेत ती लवकर दमे आणि थंडीत तिचे ओठ जांभळट दिसत, पण ‘मुळात नाजूक प्रकृतीची’ या शब्दांत त्याचा उलगडा होऊन जाई. लग्नानंतर पहिल्या गरोदरपणात, तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत परिचारिकेने बोटाला ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे चिमट्यासारखे यंत्र, लावले तेव्हा आकडा ८४ आला. बोटांवर मेंदी होती, हातही गार होते. परिचारिकेने तळहात चोळून गरम केले, बोट बदलले, शेवटी कानाच्या पाळीला चिमटा लावून पाहिला, तरी आकडा हलला नाही. हृदयाचे ध्वनिलहरींनी घेतलेले चित्र, अर्थात टू-डी इको, काढल्यावर दिसले की छिद्र जसेच्या तसे होते, फक्त त्यातील प्रवाहाची दिशा उलटली होती. गर्भारपण पुढे नेणे मातेच्या जिवावर बेतणारे आहे हे तज्ज्ञांनी स्पष्ट केले आणि ते थांबवावे लागले.

या उलट्या प्रवाहाचे वर्णन व्हिएन्नाचे वैद्य व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये एका रुग्णाच्या निमित्ताने प्रथम केले, आणि १९५८ मध्ये लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल वुड यांनी त्यामागील यंत्रणा उलगडून दाखवली. म्हणून या अवस्थेला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. मोठ्या छिद्रातून वर्षानुवर्षे अवाजवी दाबाने येणारे रक्त फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांवर आदळत राहते, त्यांच्या भिंती जाड होत जातात, आतील वाट अरुंद होते आणि फुप्फुसीय रोध पुन्हा चढतो. तो चढत असताना मधे एक असा टप्पा येतो की फुप्फुसांकडे जाणारे जादा रक्त आटते. हाच टप्पा घरच्यांना सुधारणेसारखा दिसतो. फुप्फुसांवरचा भार हलका झाल्याने मुलाची धाप जाते, भूक लागते, अंग भरते. दोन्ही कप्प्यांतील दाब सारखे झाल्याने प्रवाह मंदावतो आणि मर्मरही मावळते. रोध त्याहून वर गेला की अशुद्ध रक्त उजवीकडून डावीकडे शिरून सर्व शरीरात फिरू लागते आणि ओठ, जीभ, नखे यांवर निळी झाक येते. एकदा ही पायरी ओलांडली की छिद्र बंद करणे उपकारक नसते. बिघडलेल्या फुप्फुसांपुढे झगडणाऱ्या उजव्या कप्प्याला तेच छिद्र दाब उतरवण्याची एकमेव वाट असते, आणि ती बंद केल्यास तो कप्पा निकामी होऊ शकतो.

म्हणून मर्मर नाहीशी होणे या एकाच खुणेचे दोन परस्परविरुद्ध अर्थ संभवतात. लहान छिद्रे, विशेषतः पडद्याच्या स्नायुमय भागातील, पहिल्या काही वर्षांत खरोखरच आपोआप बुजतात, आणि अशा बालकांची संख्या मोठी आहे. त्यांच्या आईवडिलांना विनाकारण घाबरवण्यात अर्थ नाही. शिवाय आवाजाचा मोठेपणा आणि दोषाचा मोठेपणा यांचे नाते सरळ नाही, कारण लहान छिद्रातून रक्त जोराने सुटत असल्याने त्याचीच मर्मर अनेकदा फार मोठी असते, ही गोष्ट फ्रेंच वैद्य आंरी रॉजे यांनी १८७९ मध्येच नोंदवली होती. आवाज गेला तो छिद्र बुजल्यामुळे की दाब समान झाल्यामुळे, हे नुसते मूल पाहून ठरत नाही. त्यासाठी टू-डी इको, हृदयालेख आणि ऑक्सिमीटरची नोंद लागते, आणि शंका राहिली तर मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन फुप्फुसांतील दाब व रोध प्रत्यक्ष मोजावा लागतो. ज्या मुलाला एकदा छिद्र सांगितले गेले आहे ते ‘आता बरे आहे’ असे इको केल्याखेरीज कोणीही म्हणू नये, मग म्हणणारी व्यक्ती कितीही अनुभवी असो.

मोठे छिद्र सहसा पहिल्या वर्षाच्या आत, आणि बाळाचे वजन वाढत नसल्यास तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांच्या दरम्यान बंद केले जाते. दोन वर्षांनंतर फुप्फुसांची हानी कायमची होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. छिद्र बंद करेपर्यंत अंगातील जादा पाणी लघवीवाटे काढणारी आणि हृदयावरचा भार कमी करणारी औषधे दिली जातात व आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने दुधातील उष्मांक वाढवले जातात. छिद्रावर शस्त्रक्रियेने ठिगळ शिवतात, तर योग्य जागी असलेली काही छिद्रे छाती न उघडता नळीवाटे छत्रीसारखे उपकरण बसवून बंद करता येतात. ही सोय किती कष्टाने मिळाली आहे याची जाणीव असावी. मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी मार्च १९५४ मध्ये असे छिद्र उघड्या हृदयावर प्रथम शिवले तेव्हा हृदय-फुप्फुस यंत्र हाताशी नव्हते, म्हणून बाळाचे रक्ताभिसरण त्याच्या वडिलांच्या रक्ताभिसरणाला जोडण्यात आले. ते बाळ पुढे न्यूमोनियाने दगावले. तरीही या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या ४५ रुग्णांपैकी २८ जण वाचले, आणि तेही अशा काळात जेव्हा दुसरा कोणताच उपाय नव्हता.

उपरोक्त कुटुंबात त्या स्त्रीच्या भावाला मुलगा झाला तेव्हा जन्मतःची तपासणी निर्दोष होती, तरीही आत्याचा इतिहास सांगून सहाव्या आठवड्यात इको करून घेण्यात आला आणि त्यातही मोठे छिद्र निघाले. जवळच्या नात्यात असा दोष असल्यास पुढच्या बाळात तो असण्याचा संभव सर्वसाधारण प्रमाणापेक्षा काहीसा अधिक असतो, हे या ठिकाणी वेळेवर उपयोगी पडले. पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्या बाळाच्या वजनाची रेघ तक्त्यावर वर चढू लागली.

इतिहास नसलेल्या घरांनी काय पाहावे, हे सांगणे अवघड नाही. बाळ शांत झोपलेले असताना पोटाच्या हालचालीवरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक आणि त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास हे तातडीने डॉक्टरांकडे जाण्याचे कारण आहे, आणि ताप किंवा फारसा खोकला नसताना श्वास असा जलद राहत असेल तर फुप्फुसांबरोबर हृदयाचीही तपासणी मागावी. दूध पिता पिता थांबणे, धापा टाकत पुन्हा ओढणे, पंख्याखालीही डोक्याला घाम फुटणे आणि अर्धेच पिऊन थकून झोपी जाणे ही लक्षणे एकत्र आली की दृष्ट काढण्यात किंवा वरचे दूध बदलण्यात आठवडे घालवू नयेत. अंगणवाडीतील वजनाच्या तक्त्यावर रेघ आडवी झाली असेल तर कुपोषणाचा शिक्का मारण्यापूर्वी हृदय ऐकले जावे. जन्मानंतर २४ तास उलटल्यावर उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून पाहण्याची तपासणी काही मिनिटांत होते व निळेपणा आणणारे अनेक गंभीर दोष तिच्यात सापडतात. मात्र व्हीएसडी तिच्यातून सुटू शकतो, कारण त्या वयात प्राणवायूचे प्रमाण नेहमीसारखेच असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच सुरू झाला आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जी तपासणी त्यात होते तिच्यात जन्मजात हृदयविकाराचा समावेश आहे, तेव्हा अंगणवाडीत किंवा शाळेत पथक येते त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी करावी आणि कर्ज काढण्याचा विचार त्यानंतर करावा.

आईला दोष देण्याची रीत मात्र थांबलीच पाहिजे. हृदयाचे पडदे गर्भाच्या साधारण आठव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पुष्कळदा गरोदरपणाची नीट खात्री होण्याच्या सुमारास, तयार झालेले असतात. ग्रहणात विळी हाती घेतल्याने त्यांना भोक पडत नाही. आईचा अनियंत्रित मधुमेह किंवा गर्भारपणाच्या आरंभी झालेला रुबेला यांचा संबंध खरा आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे आधीच केलेली रक्तातील साखरेची तपासणी व लसीकरण.

प्रौढांत प्रथमच निदान होणाऱ्या जन्मजात दोषांत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील छिद्र पुष्कळदा आढळते, कारण तेथील दाब कमी असल्याने तिशी-चाळिशीपर्यंत ते गप्प राहते आणि मग जिना चढताना दम, धडधड किंवा अनियमित नाडी या रूपांत पुढे येते. फुप्फुसांतील दाब आटोक्यात असेल तर या वयातही ते बंद केल्याने लाभ होतो. तरुण वयात रक्तदाब वाढलेला आढळल्यास जांघेतील नाडी हाताने चाचपली जावी. ती क्षीण असेल तर महाधमनी जन्मतः अरुंद असण्याची शंका घ्यावी. दीर्घकाळच्या निळेपणात बोटांची टोके फुगतात, आणि ते ओळखण्याची एक सोपी खूण दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये स्वतःच्याच बोटांवरून सांगितली: दोन्ही हातांची एकसारखी बोटे नखाला नख लावून पाठीशी टेकवली की मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते, आणि बोटे फुगलेली असतील तर ती फट बुजलेली असते. ज्यांची लहानपणी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनीही वर्षा-दोन वर्षांनी तपासणी चालू ठेवावी, कारण शिवलेल्या हृदयात पुढे झडप गळणे किंवा ठोके अनियमित होणे संभवते.

आयझेनमेंगरच्या अवस्थेला पोचलेल्या व्यक्तीचे आयुष्य संपलेले नसते, पण त्याला बंधने येतात. अशा स्त्रियांच्या गरोदरपणात मातामृत्यूचे प्रमाण जुन्या नोंदींत ३० ते ५० टक्क्यांच्या घरात आढळते, म्हणून गर्भनिरोधाचा सल्ला लग्नाआधीच मिळावा, आणि त्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या वापरू नयेत, कारण त्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. प्राणवायूची उणीव भरून काढण्यासाठी शरीर तांबड्या पेशी वाढवते. त्यामुळे वाढलेले हिमोग्लोबिन पाहून उगाच रक्त काढू नये, उलट लोहाची कमतरता आहे का ते तपासावे. जुलाब-उलट्यांत अंगातील पाणी कमी होऊ देऊ नये, सलाइन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहू नये याकडे लक्ष वेधावे, कारण तो बुडबुडा छिद्रातून थेट मेंदूकडे जाऊ शकतो, आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला हृदयाचा आजार सांगून प्रतिजैविकाची मात्रा घ्यावी. फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैल करणारी सिल्डेनाफिल, बोसेंटान यांसारखी औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिली जातात व त्यांनी चालण्याची क्षमता वाढते. वर उल्लेखिलेली स्त्री ही औषधे नियमित घेते, घरातील कामे बेताने करते, आणि ट्रंकेतून काढलेल्या जुन्या केसपेपरांसह सगळे अहवाल एका फाइलमध्ये लावून प्रत्येक नव्या डॉक्टरांसमोर तीच फाइल आधी ठेवते.