जुन्या ट्रकचं स्टेअरिंग जड झालंय? आधी ऑइल बघा

शेतकरी बंधूंनो, कांदा भरायच्या आधी एवढं पाहा. इंजिन बंद करून पॉवर स्टेअरिंगच्या डब्यातलं ऑइल खुणेपर्यंत आहे का बघा. कमी असेल तर नुसतं भरून निघू नका. पाइप, पंप, स्टेअरिंग बॉक्स, कुठे ओलं दिसतंय ते शोधा. ऑइलला फेस म्हणजे आत हवा शिरलीय. पंप बेल्टवर चालत असेल तर बेल्ट ढिला नाही ना? दोन्हीकडे जड असेल तर बहुधा ऑइल किंवा पंप. एकाच बाजूला जड असेल तर बॉक्स मेकॅनिकला दाखवा. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून धरून ठेवू नका, पंप तापतो. आणि डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद? अजिबात नको! स्टेअरिंग तिथल्या तिथे जड होतं, ब्रेकची हवाही भरायची थांबते.