सर्दीची दोन औषधे : शिक्षकांसाठी टाचण

अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या कारखान्यांच्या पट्ट्यात धुळीने मुलास शिंका आल्या, की पालक दुकानातून ‘सर्दीचे औषध’ आणतात. परंतु अशी सर्व औषधे एक नव्हेत.

नाक मोकळे करणारे औषध आतील फुगलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्याचे थेंब अनेक दिवस घातल्यास नाक उलट अधिक चोंदते.

ॲलर्जीचे औषध शिंका व खाज आणणाऱ्या हिस्टामिनचे कार्य रोखते. त्यांपैकी क्लोरफेनिरामिनने झोप येते. म्हणून वर्गात पेंगणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी औषधाची चौकशी करावी.

क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांस देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. थोरल्याची बाटली धाकट्यास देऊ नये, हे पालकसभेत अवश्य सांगावे.