ताटातील साखर

मधुमेह झाला की गोड खाणे सोडावे, एवढाच पथ्याचा अर्थ अनेक जण घेतात. चहातील साखर बंद होते. परंतु ताटातील भात तेवढाच राहतो. वस्तुतः भात, पोळी, भाकरी, बटाटा यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोजच होते. टाइप २ मधुमेहात शरीराच्या पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून हे ग्लुकोज रक्तात साचते. साखरेऐवजी गूळ वापरल्यानेही ते टळत नाही. यासाठी भात-भाकरीचे प्रमाण बेताचे ठेवून उसळ, पालेभाजी व कोशिंबीर वाढवावी. त्यांतील तंतू व प्रथिने यांमुळे साखर रक्तात सावकाश मिसळते.

उपवासाच्या दिवशी दुहेरी सावधगिरी हवी. साबुदाण्याच्या खिचडीने साखर झपाट्याने वाढते. याउलट, औषध घेऊन उपाशी राहिल्यास काही औषधांमुळे ती डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्याही खाली घसरते. घाम येतो, हात थरथरतात, भोवळ येते. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल, तर त्याला तत्काळ साखरेचे पाणी द्यावे. एरवी टाळायची तीच साखर त्या क्षणी प्राणरक्षक ठरते. म्हणूनच काय खावे याइतकेच किती व केव्हा खावे, हेही पथ्यात महत्त्वाचे आहे.