लोंबती त्वचा आणि विम्याचं दार

चाळीस-पन्नास किलो वजन उतरवूनही पोटाची त्वचा लोंबतेच. व्यायाम कमी पडला म्हणून नव्हे. ताणून तुटलेले इलास्टिनचे तंतू प्रौढ शरीर फारसे नव्याने बनवत नाही.

अमेरिकेत 'टमी टक' मागितलंत, तर विमा कंपनी त्याला सौंदर्योपचार म्हणून नाकारते. 'पॅनिक्युलेक्टॉमी', म्हणजे फक्त लोंबणारा भाग काढणं (कोड १५८३०), याचा मात्र विचार होतो. त्यासाठी कंपन्या सहसा त्वचा जघनास्थीपर्यंत लोंबल्याचे फोटो, काही महिने स्थिर वजन आणि औषधांनीही न हटणाऱ्या पुरळाच्या नोंदी मागतात. खरी अडचण नोंदींचीच! आपण घरीच पावडर लावून गप्प बसतो. तसं करू नका. दर वेळी डॉक्टरांना दाखवून लिहून घ्या. तरीही नकार आलाच, तर बहुतेक खासगी योजनांत १८० दिवसांत अपील करता येतं.