वाटीचं दुखणं आणि मशीनचा शेक

जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना किंवा एसटीत दोन तास गुडघे दुमडून बसल्यावर वाटीच्या आजूबाजूला दुखू लागलं, की माणूस फिजिओथेरपिस्टकडे जातो आणि बऱ्याचदा खाटेवर आडवा पडतो. गुडघ्याला पॅड चिकटतात, मशीनच्या मुंग्या येतात, वर शेक. बरं वाटतं हे खरं, आणि पुढच्या दहा दिवसांचे पैसे त्या बरं वाटण्यावरच भरले जातात. माझं म्हणणं, आधी थांबावं. या दुखण्याच्या अभ्यासकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या सहमतीच्या निवेदनात अशा विजेच्या उपचारांची शिफारस नाही. शिफारस आहे व्यायामाची, तीही गुडघा आणि खुबा दोन्हींच्या.

दुखतोय गुडघा, मग खुब्याला कशाला ताण, असं कोणीही विचारेल. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून सरकते. पायावर भार असताना कित्येकांचं ते हाडच वाटीखाली आत वळतं, आणि त्याला आवरतात कुल्ल्याचे स्नायू. (गंमत म्हणजे, ताकद वाढल्यावर दुखणं कमी झालं तरी गुडघ्याचं आत झुकणं फारसं बदलतंच असं नाही, तेव्हा कारणाबद्दल छातीठोक बोलू नये.) ‘एमआरआयमध्ये कूर्चा खराब दिसतेय, व्यायामाने आणखी झिजेल’ ही भीतीही रास्त वाटते, पण तसे बदल अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यांतही सापडतात. टेपचं काय? ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅकॉनेल यांनी १९८६ मध्ये मांडलेली पट्टी लावून वाटी किंचित आत ओढली, तर अनेकांना लगेच आराम पडतो. तो आराम तात्पुरता. त्या अवधीत व्यायाम उरकून घ्यायचा.

व्यायाम मात्र मापात हवा. उभ्याने बैठक मारताना सुरुवातीला ४५ अंशांपर्यंतच वाकावं. खुर्चीत बसून वजनासह पाय सरळ करायचा असेल, तर ९० पासून ४५ अंशांपर्यंतच उचलावा, कारण त्यापुढे वाटीवरचा ताण वाढतो. कुशीवर झोपून वरचा पाय उचलताना कंबर मागे कलली, तर कुल्ला आयता सुटतो. करताना थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या सकाळी जास्त दुखत असेल, तर वजन किंवा आवर्तनं कमी करायची. पडल्यानंतर सूज आली किंवा गुडघा अडकत असेल, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञ. एरवी फरक कळायला काही आठवडे जातात, म्हणून दर भेटीत एकच विचारावं: आज माझ्या व्यायामात काय वाढवलंत?